नववीला ‘मल्टीस्किल’ घ्यावे की तिसरी भाषा? एका पालकांच्या प्रश्नाचे उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय असा : मुलगी आठवीत आहे, गणित आणि विज्ञानात तिची गती चांगली आहे, आणि दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जाण्याचा तिचा मानस आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या तिच्या शाळेने नववीपासून तिसऱ्या भाषेऐवजी ‘मल्टीस्किल’ हा व्यवसाय विषय घेण्याची मुभा दिली आहे. मुलीला तो घ्यायचा आहे; घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे मात्र असे, की हातोडी-पान्याचा विषय अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी असतो आणि हुशार मुलीने त्यात दोन वर्षे घालवू नयेत. माध्यमिक शाळेच्या कार्यशाळेत निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिक काम शिकवणारा शिक्षक, म्हणून आणि पुढे निदेशकांना प्रशिक्षण देण्याच्या कामात माझे आयुष्य गेले असल्यामुळे, या प्रश्नाचे दोन ओळींत उत्तर देणे मला जमणार नाही.

माझे मत आधीच सांगतो. शाळेतील कार्यशाळा खरोखर चालत असेल तर हा विषय अवश्य घ्यावा, आणि तो हुशार मुलीने तर आवर्जून घ्यावा. मात्र तो नोकरीच्या आशेने घेऊ नये. नववी-दहावीच्या व्यवसाय शिक्षणातून पंधराव्या वर्षी कोणी वेल्डर किंवा वायरमन होत नाही, आणि होऊही नये. त्यासाठी दहावीनंतर आयटीआय आहे, 1961 च्या कायद्याखाली चालणारी शिकाऊ उमेदवारी आहे, तंत्रनिकेतन आहे. शाळेतल्या व्यवसाय विषयाचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते शाळेच्या माहितीपत्रकात सहसा लिहिलेले नसते, म्हणून एका साध्या कामाच्या आधारे ते दाखवतो.

नववीच्या मुलांना आम्ही लोखंडी अँगलचे, म्हणजे काटकोनात वळलेल्या एल आकाराच्या पट्टीचे, स्टूल करायला देतो. उंची 45 सेंटीमीटर, वरची चौकट 30 सेंटीमीटर चौरस आणि खाली पायांना जोडणारे चार आडवे तुकडे. मुले कागदावर हिशेब करतात : चार पाय 180 सेंटीमीटर, वरची चौकट 120, खालचे आडवे तुकडे 120, एकूण 420 सेंटीमीटर. बाजारात अँगलची लांबी सहा मीटरची मिळते, म्हणजे 180 सेंटीमीटर उरतील, आणि त्यातून पुढच्या स्टुलाचे चार पाय बरोबर निघतील. वहीत हे उत्तर चूक नाही. प्रत्यक्षात हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, प्रत्येक कापाला पात्याच्या जाडीइतके, म्हणजे एक-दीड मिलिमीटर लोखंड भुशात जाते, आणि पंधरा काप झाल्यावर चौथा पाय दीड-दोन सेंटीमीटरने आखूड भरतो. तो आखूड तुकडा हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला काही सांगावे लागत नाही. पुढच्या वेळी तो खूण करताना रेघेच्या कोणत्या बाजूने कापायचे हे आधी विचारतो, आणि अंदाजपत्रकात कापाची तूट धरतो.

मग वजनाचा प्रश्न येतो, कारण लोखंड मीटरवर नव्हे तर किलोवर विकले जाते. 25 मिलिमीटर बाजूचा आणि तीन मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला किती भरेल? मुले त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ काढतात, आणि कोपऱ्याचा चौरस दोनदा मोजू नये हे कोणाच्या तरी लक्षात येते. क्षेत्रफळ 141 चौरस मिलिमीटर भरते. लोखंडाची घनता विज्ञानाच्या पुस्तकात दिलेलीच असते, तिने गुणले की मीटरला साधारण 1.1 किलो येतात. दुकानदाराच्या काट्यावर तेवढेच भरले, की घनतेचे कोष्टक हे केवळ परीक्षेपुरते नसते असे त्या मुलांना प्रथमच वाटते. वरची चौकट जोडताना आधी चारही कोपऱ्यांवर वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे, ते समान नसतील तर चौकट ठोकून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायची आणि मगच पूर्ण जोड भरायचा, कारण एकाच बाजूने सलग वेल्डिंग केले तर निवताना लोखंड आकसून चौकट ओढली जाते. ‘आयताचे कर्ण समान असतात’ हे प्रमेय नववीच्या भूमितीत आहे. ते पाठ असलेली, पण चौकट तिरकी आहे की सरळ हे डोळ्यांनी ठरवू पाहणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. पाठ असलेली गोष्ट वापरायची असते, हे त्यांना त्या ठोकाठोकीत समजते.

सर्वांत चांगला वाद शेवटी होतो, तो किमतीचा. लोखंड, वेल्डिंगचे रॉड, रेडऑक्साइड आणि रंग, वीज, मजुरी हे सारे धरून झाल्यावर प्रश्न उरतो तो उरलेल्या तुकड्याचा. तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावायचा की कार्यशाळेच्या साठ्यात जमा करायचा? अर्धा वर्ग एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला होतो. मी निकाल देत नाही. ज्याच्याकडून काम आले त्यालाच विचारायला लावतो. या एका स्टुलात गणित, विज्ञान, चित्रकला आणि व्यवहार एकत्र येतात, आणि चुकीची शिक्षा लाल शाईची नसून वाया गेलेल्या लोखंडाची असते. तुमची मुलगी उद्या अभियंता, डॉक्टर किंवा सनदी लेखापाल झाली तरी हे शिक्षण तिच्या कामाचे आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येऊन आयुष्यात प्रथमच कानस हातात धरणारी मुले कमी नाहीत.

‘मल्टीस्किल’मध्ये लोखंडकाम हा एकच भाग असतो. त्या विषयाची मूळ आखणी पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या कामातून आली आहे, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ. ते काम सोडून त्यांनी 1983 साली पाबळसारख्या कोरडवाहू गावात शाळा सोडलेल्या मुलांबरोबर काम सुरू केले. गावात ज्या कामांची खरोखर गरज आहे ती कामे करतच विज्ञान शिकता येते, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून पुढे माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला : आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांत काम. राज्य मंडळाने या विषयाला 1987 मध्ये मान्यता दिली आणि आमच्यासारखी मंडळी त्याला आजही ‘आयबीटी’ (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) किंवा ‘व्ही-वन’ म्हणतात. या रचनेतील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, सर्व मुले-मुली चारही विभागांत काम करतात. मुलींना स्वयंपाकघर आणि मुलांना वेल्डिंग अशी वाटणी नाही. दुसरी, निदेशक हा शक्यतो गावातलाच, स्वतः तो धंदा करणारा माणूस असावा आणि मुलांनी गावाची कामे मोबदला घेऊन करावीत. लोक पैसे मोजतात तेव्हा ते काम तपासूनही घेतात, आणि त्या तपासणीपुढे आमची तोंडी परीक्षा अगदीच मवाळ असते.

शेती विभागातील एक काम सांगतो, कारण त्यात खर्च जवळजवळ शून्य आणि उपयोग मोठा आहे. मे महिन्याच्या अखेरीस शेतकऱ्याच्या घरचे सोयाबीन घ्यायचे, निवड न करता मुठीने शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एकरी तीस किलो, पेरायला हरकत नाही. साठच उगवले तर त्रैराशिक मांडून प्रमाण वाढवायचे. त्याहून फारच कमी उगवले तर ते बियाणे तेलासाठी विकायचे. निवडून चांगले चांगले दाणे घेतले तर काय होईल, असा प्रश्न एखादी मुलगी विचारते, आणि नमुना कसा घ्यावा हा संख्याशास्त्राचा पाया तिथेच घातला जातो. सोयाबीन उगवले नाही म्हणून दुबार पेरणी करावी लागणे ही आपल्याकडे किती महागाची गोष्ट आहे, हे शेतकऱ्याच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्या शाळांतील मुलांनी हे काम गावासाठी केले, तिथे पुढच्या वर्षी पालक आपणहून बियाणे घेऊन शाळेत आले.

विजेच्या आणि गृह-आरोग्याच्या भागावर फार लिहीत नाही. जिन्याचे दोन स्विचचे वायरिंग, अर्थिंग तपासणे, मीटर वाचून बिल पडताळणे, रक्तातील हिमोग्लोबिन मोजणे, शेंगदाणा-गुळाची चिक्की करून तिची किंमत काढणे, अशी ती कामे आहेत. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी, म्हणजे अर्थिंगची, तार कुठेच जोडलेली नाही, हे शोधून आई-वडिलांना सांगणारी मुले दरवर्षी निघतात.

आता घरच्यांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो उगाच आलेला नाही. या शिक्षणाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे आणि तिचे अपयशही जुने आहे. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे म्हटले होते. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, मांडली गेली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि आमच्या शाळांनी त्या कार्यानुभवाची कागदी फुले व भेटकार्डे करून टाकली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील दहा टक्के विद्यार्थी 1990 पर्यंत आणि पंचवीस टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. ते साधले नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, आले. त्यांच्या तांत्रिक गटातून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट असूनही, ‘कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणून तिथे’ ही त्यांची ओळख पुसली गेली नाही.

अपयशाचे कारण पैशाची टंचाई एवढेच नव्हते. दरवेळी हे शिक्षण मागे पडलेल्यांसाठी राखून ठेवले गेले. वर्गशिक्षक ज्याला गणितात नापास होताना पाहतात त्याला कार्यशाळेकडे पाठवतात, मग कार्यशाळेत फक्त अशीच मुले दिसू लागतात, मग चांगल्या मुलांचे पालक तिकडे फिरकत नाहीत, आणि काही वर्षांत निदेशकाचाही त्या मुलांवरचा विश्वास उडतो. आपल्या घरचे वडीलधारे जे म्हणतात ते या चक्राचे वर्णन आहे, आणि ते खरे आहे. मात्र ते तोडायचे तर पहिल्या बाकावरची मुले कार्यशाळेत आली पाहिजेत. दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

या आक्षेपामागे आणखी एक, सहसा उघड न बोलली जाणारी शंका असते, ती जातीची. ज्यांच्या आजोबांनी लोहारकाम किंवा सुतारकाम सोडून मोठ्या कष्टाने मुलांना शाळेत घातले, त्यांना नातवाच्या हाती पुन्हा हातोडी दिसली तर ते अस्वस्थ होतात, आणि त्यांची अस्वस्थता रास्त आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली; ती जातिव्यवस्था पक्की करणारी आहे म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि 1954 मध्ये त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री कामराज यांच्या कारकिर्दीत ती मागे घेतली गेली. हा इतिहास विसरून जो व्यवसाय शिक्षणाचे गोडवे गातो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मद्रासच्या योजनेत मूल आपापल्या घरचा धंदा शिकणार होते. शाळेच्या कार्यशाळेत मात्र वकिलाची मुलगी आणि सुताराचा मुलगा एकाच वाइसवर, म्हणजे लोखंड घट्ट धरणाऱ्या पकडीवर, आळीपाळीने कानस चालवतात. ज्या शाळेत असे घडत नाही, म्हणजे ज्या तुकडीत ठरावीक वस्तीतलीच मुले दिसतात, त्या शाळेतला हा विषय नाकारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक आकडेवारी दिली आहे, ती आपल्याही वाचनात आली असेल : बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार 19 ते 24 वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते, तर हे प्रमाण अमेरिकेत 52, जर्मनीत 75 आणि दक्षिण कोरियात 96 टक्के होते. ही तुलना भाषणात छान वाटते, पण तिच्यावरून शाळेतल्या विषयाचे मोजमाप करू नये. जर्मनीतील शिकाऊ विद्यार्थी कारखान्याशी करार करून आठवड्याचे बहुतेक दिवस तिथे वेतनावर काम करतो आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. शिवाय त्यांच्या बहुतेक राज्यांत मुलांची वाटणी दहाव्या वर्षाच्या आसपासच होऊ लागते, आणि ती आपल्याकडे आणावी असे मला मुळीच वाटत नाही. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाण्याची जी तरतूद आहे, ती मला त्या आकड्यांपेक्षा अधिक कामाची वाटते.

गुणांचा प्रश्नही आपण विचारला आहे. राज्य मंडळाच्या दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात, आणि व्यवसाय विषयात प्रात्यक्षिकाला मोठे वजन असल्यामुळे मन लावून काम करणाऱ्या मुलीचे गुण सहसा कमी होत नाहीत. अकरावी विज्ञानाच्या प्रवेशालाही त्याची अडचण येत नाही. तोटा आहे तो भाषेचा, आणि तो लपवू नये : हिंदी किंवा संस्कृतची दोन वर्षे जातात. संस्कृत केवळ पैकीच्या पैकी गुण मिळतात म्हणून घेतले जात असेल तर त्यात गमावण्यासारखे फारसे नाही. पण मुलीला त्या भाषेची खरी गोडी असेल, तर तिने तीच घ्यावी, असे मी कार्यशाळेचा माणूस असूनही म्हणेन.

आता मुख्य काम. अर्जावर सही करण्यापूर्वी शाळेत एकदा प्रत्यक्ष जाऊन या, आणि तेही तासिका चालू असताना जा. नववीपासून व्यवसाय विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली चालतात, पाठ्यसामग्री भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेकडून येते, त्यामुळे कागदावर सर्व शाळा सारख्याच दिसतात. फरक पाहायचा तो कच्च्या मालाच्या नोंदवहीत. गेल्या वर्षभरात किती अँगल, किती वायर, किती सिमेंट, किती वेल्डिंग रॉड खर्ची पडले, ते मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे. माल खर्च झाला नसेल तर काम झालेले नाही. मग भिंतीवर हत्यारांचे तक्ते कितीही सुबक टांगलेले असोत. कोपऱ्यात भंगाराचा ढीग, अर्धवट जोडलेल्या चौकटी, फसलेले वेल्डिंग दिसले तर समाधान मानावे. चकचकीत, नवी कोरी, पेटीबंद यंत्रे मात्र मला नेहमीच काळजीत टाकतात.

निदेशकांशी बोला. बऱ्याच शाळांत ते बाह्य संस्थेमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात, मानधन वेळेवर मिळत नाही आणि वर्षाच्या मध्येच माणूस बदलतो; असे झाले तर त्या वर्षाचा विषय बहुतेक पुस्तकावरच भागवला जातो. तोच माणूस सलग दोन-तीन वर्षे टिकून आहे का, आणि तो स्वतः हाताने काम करतो का, एवढे पाहा. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी : ड्रिल मशीनपाशी जाण्यापूर्वी वेणी बांधून आत खोचली जाते का, ओढणी काढून ठेवायला लावतात का, वेल्डिंगला काळ्या काचेचा मुखवटा प्रत्येकीला मिळतो की दोघीत एक, पायात चप्पल चालवून घेतात का. ज्या कार्यशाळेत या बाबतीत कडक शिस्त आहे, तिथे मुलींना खरोखर यंत्रावर काम करू दिले जाते. जिथे शिस्त नाही तिथे ‘मुलींना धोका नको’ म्हणून त्यांना वही लिहायला बसवतात, आणि मुलगे छिद्रे पाडतात. शेवटी मुलांनाच विचारा, की गेल्या महिन्यात त्यांनी काय केले. त्यांच्या उत्तरात एखाद्या वस्तूचे नाव आले तर ठीक. धड्याचे नाव आले तर समजून घ्यावे.

नववीला निवडलेला हा विषय दहावीतही चालवावा लागतो, मध्येच भाषा घेता येत नाही, म्हणून ही पाहणी अर्जाच्या मुदतीआधीच करावी. कार्यशाळा चालती आढळली तर मुलीचे म्हणणे ऐका. ती कुलूपबंद असेल, तर संस्कृत किंवा हिंदी खुशाल घेऊ द्या आणि सुट्टीत तिला ओळखीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा इलेक्ट्रिशियनबरोबर पंधरा दिवस पाठवा. नावापुरत्या व्यवसाय विषयापेक्षा ती त्यात अधिक शिकेल.